जुन्या घराच्या मॉडेलमध्ये तळमजल्याची लेव्हल वर घेतली, तर खिडक्याही वर गेल्या (शाहूपुरी, कोल्हापूर)

नकाशेवाली

नमस्कार मंडळी. शाहूपुरीत जयंती नाल्याच्या अंगाला आमचं घर आहे. तळमजला आणि वर एक मजला, विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात दोन-तीन इंच पाणी आलं. २०२१ च्या जुलैत अकरा इंच. गाद्या, फ्रिजची मोटर, वडिलांची पुस्तकं, सगळं दोनदा गेलं. आता तळमजल्याची फरशी दीड फूट उचलायची असं आईवडिलांनी ठरवलंय. घर पाडून नवं बांधायला पैसे नाहीत आणि त्यांचं मनही नाही.

मी इंटिरिअरच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, म्हणून काम काढण्याआधी रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) घराचं मॉडेल करून घेतलं. जुनी फरशी ±० धरली. वरच्या स्लॅबचा तळ ३२०० मिमीवर (साडेदहा फूट), स्लॅब १२५, त्यावर बेडिंग आणि फरशी मिळून ७५, म्हणजे पहिल्या मजल्याची फरशी +३४००. जिना वीस पायऱ्यांचा, एकेक पायरी १७० ची. दारं-खिडक्यांचं लिंटेल (वरची आडवी तुळई) सात फुटांवर, खिडकीची सिल (खालची कड) तीन फुटांवर.

काल एलिव्हेशनमध्ये (घराच्या समोरून दिसणाऱ्या नकाशात) गेले, 'तळमजला' लेव्हलच्या, म्हणजे त्या मजल्याच्या पातळीरेषेच्या आकड्यावर क्लिक केलं आणि शून्याच्या जागी ४५७ टाकले. सगळं विस्कटलं. भिंती जोत्यापासून सुटून अधांतरी झाल्या. खिडक्या दीड फूट वर सरकल्या. लिंटेल मी बीम म्हणून वेगळे काढले होते, ते जागच्या जागी राहिले आणि आता खिडकीच्या काचेतून आडवे जातात. जिन्याच्या पायऱ्या वीसच दिसतात, पण प्रत्येकीची उंची १७० ऐवजी १४७ झाली. पहिला मजला मात्र तसूभर हलला नाही.

अन्डू करून मूळ फाईल परत आणली आहे. पण मग लेव्हल बदलायची तरी कशी?

ओळंबा

ताई, सॉफ्टवेअरने तुमचंच ऐकलं. तुम्ही म्हणालात 'तळमजला वर घ्या', त्याने तळमजल्यावर टांगलेलं सगळं वर घेतलं. रेव्हिटमध्ये लेव्हल म्हणजे खुंटी. भिंतीचा बेस कन्स्ट्रेंट (ती जिथून सुरू होते ती पातळी) त्या खुंटीला, दाराखिडकीची सिल त्याच खुंटीपासून मोजलेली, जिन्याचा बेस लेव्हलही तोच. खुंटी हलली की कपडे हलणार. पहिल्या मजल्याची खुंटी वेगळी, म्हणून तो हलला नाही.

नवं घर असतं तर हे बरोबर झालं असतं. नव्या घरात जोतं उचलायचं ठरलं तर दारं, खिडक्या, जिना सगळ्यांनीच सोबत यायला हवं. तुमच्या घरात भिंत तिथेच राहणार, खिडकीचं भोक तिथेच राहणार, स्लॅब तिथेच राहणार. वर येणार आहे ती फक्त फरशी. मग जुनी लेव्हल हलवायचं कारणच नाही.

असं करा:

जुन्या 'तळमजला' लेव्हलला हात लावू नका. उलट तिला पिन मारून ठेवा, म्हणजे चुकून माऊस लागला तरी हलणार नाही. नाव बदलून 'तळमजला, जुनी फरशी' करा. मग लेव्हल टूल घेऊन वर नवी लेव्हल काढा, 'तळमजला, नवी फरशी'. जुनी लेव्हल कॉपी करून नवी केलीत तर तिचा प्लॅन आपोआप तयार होत नाही. लेव्हलचं डोकं (रेषेच्या टोकाची खूण) निळ्याऐवजी काळं दिसतं ते त्यामुळेच. मग व्ह्यू टॅबमधून फ्लोअर प्लॅन वेगळा काढावा लागतो. पुष्कळ जण इथे 'माझा प्लॅन कुठे गेला' म्हणून तासभर शोधतात.

नव्या लेव्हलच्या प्रॉपर्टीत 'बिल्डिंग स्टोरी'ची खूण काढून टाका. नाहीतर रेव्हिट लेव्हलला वेगळा मजला धरतं, आणि मॉडेल आयएफसी फाईल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) करून कुणा इंजिनिअरला दिलंत तर तुमचं दुमजली घर त्याच्याकडे तिमजली होऊन उघडेल.

आणि फेज (कामाचे टप्पे) वापरा. आज जे आहे ते सगळं 'एक्झिस्टिंग', फोडायचं ते त्यात 'डिमॉलिश', नवी फरशी आणि भराव 'न्यू कन्स्ट्रक्शन'. एकाच फाईलमध्ये कालचं घर आणि उद्याचं घर दोन्ही राहतील.

गुऱ्हाळघर

मी आर्चिकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, तिथला फरक सांगतो, कारण हा धागा वाचणारे सगळे रेव्हिटवाले नसतील. आर्चिकॅडमध्ये स्टोरी सेटिंगमध्ये एका मजल्याची उंची बदलली की त्याच्या वरचे सगळे मजले तेवढेच सरकतात. भिंतीचा माथा वरच्या स्टोरीशी लिंक असेल तर भिंत ताणली जाते. लिंक नसेल तर जुन्या उंचीची राहते आणि वर फट पडते. म्हणजे ताईंना जे झालं त्याच्या उलटं. एका सॉफ्टवेअरची सवय घेऊन दुसऱ्यात गेलं की इथेच फसायला होतं.

फ्रीकॅड या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल ही एक पेटी समजा. भिंती, दारं त्या पेटीत टाकली की पेटीची जागा हलवल्यावर आतलं सगळं सोबत येतं. भिंतीची उंची शून्य ठेवली तर ती लेव्हलची उंची घेते. स्वतःचा आकडा दिला तर लेव्हलचं ऐकत नाही.

तीन_सूत

आधी एक साधा हिशेब करा. तळमजल्याची आतली उंची ३२००. दीड फूट म्हणजे ४५७. राहिले २७४३. राहत्या खोलीची फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंतची उंची निदान २.७५ मीटर हवी. तुम्ही ७ मिमीने कमी पडता. दोन सुतांहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) थोडंसंच जास्त म्हणा, पण कमी ते कमी. सतरा इंच करा, म्हणजे ४३२. वर २७६८ राहतील आणि प्लास्टर थोडं इकडेतिकडे झालं तरी निभेल.

नकाशेवाली

ओळंबा, फेजचं लगेच कळलं, खूप आभार. आज तसंच केलं. तीन_सूत, ७ मिमीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता नवी लेव्हल +४३२ वर घेते.

एक प्रश्न. नवी फरशी फ्लोअर टूलने काढली तर ती लेव्हलच्या वर जाड होते की खाली?

ओळंबा

खाली. फ्लोअरचा माथा लेव्हलवर बसतो आणि जाडी खाली जाते. त्यामुळे लेव्हल म्हणजे पाय जिथे टेकतो ती जागा, म्हणजे तयार फरशी, असं एकदाच ठरवा आणि घरभर तेच पाळा. काहींची एक लेव्हल स्लॅबच्या माथ्यावर असते आणि दुसरी तयार फरशीवर. तेही चालतं, पण मग नावातच तसं लिहा. खरी भांडणं इथे होतात. आरसीसीवाला स्लॅबचा माथा धरतो, फरशीवाला फरशीचा. त्या ७५ मिमीपायी न्हाणीचं पाणी पॅसेजमध्ये आलेलं मी पाहिलंय.

फ्लोअरचे थर नीट करा: फरशी, बेडिंग, कोबा, भराव. जाडींची बेरीज नव्या-जुन्या लेव्हलमधल्या फरकाइतकी आली पाहिजे. जुनी फरशी उखडणार असाल तर ती 'डिमॉलिश' करून तेवढी जाडी भरावात वाढवा.

पायरीपायरीने

थांबा. सतरा इंच म्हणण्याआधी जिन्याकडे बघा.

जिना जुना आहे, काँक्रिटचा आहे, तो तुम्ही तोडणार नाही. पायरी १७० ची. भराव ४३२. म्हणजे खालच्या दोन पायऱ्या (३४०) पूर्ण गाडल्या जाणार. तिसरी ५१० वर आहे. ५१० वजा ४३२ म्हणजे ७८. तुमच्या घरात नव्या फरशीवरून जिना चढताना पहिली पायरी ७८ मिमीची, तीन इंचांची, आणि पुढच्या सगळ्या १७० च्या. पाय पहिल्या दोन-तीन पावलांत उंची ओळखतो आणि पुढे न बघता तीच धरून चालतो. खालीच असा खोटा माप दिला की वरून उतरणारा माणूस शेवटच्या पायरीला हमखास चुकतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हे करूच नका.

मॉडेलने तुम्हाला १४७ च्या वीस पायऱ्या दाखवल्या तेही याच कारणाने. त्याने एकूण उंची वीसने भागली. तो जिना शाहूपुरीत कुठेच नाही.

भराव पायरीच्या पटीत ठेवा. दोन पायऱ्या म्हणजे ३४०. तीन म्हणजे ५१०, पण मग आतली उंची २६९० राहते, ती नियमात बसत नाही. म्हणजे ३४० च. आतली उंची २८६०, जिना अठरा पायऱ्यांचा, सगळ्या सारख्या.

नकाशेवाली

हे वाचून मी ऑफिसातच उठून उभी राहिले. आमच्या घरी आजी आहे, ८१ वर्षांची. ती दिवसातून दोनदा तरी देवघरासाठी वर जाते.

म्हणजे फरशी किती उचलायची हे जिन्याने ठरवायचं. आम्ही महिनाभर फक्त पुराचा विचार करत होतो. ३४० म्हणजे साडेतेरा इंचांच्या आत. २०२१ चं पाणी अकरा इंच, म्हणजे २७९. नवी फरशी त्याच्या ६१ मिमी वर राहील.

पंचगंगाकाठ

ताई, मग मॉडेलमध्ये पुराची पण एक लेव्हल घाला की. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली होती. ते आकडे घातले की घर कुठं बुडतंय ते लगेच दिसंल.

ओळंबा

पंचगंगाकाठ, तळमळ कळते, पण असं करू नका. बंधाऱ्यावरचे फूट हे त्या जागच्या मोजपट्टीवरचे आहेत. तुमच्या घराच्या ±० शी त्यांचा थेट संबंध नाही. शिवाय बंधारा बावड्याकडे, खालच्या अंगाला. शाहूपुरीत पाणी नाल्यातून उलटं शिरतं. तिथली पातळी आणि बंधाऱ्यावरची पातळी एकाच रेषेत धरता येत नाही.

पूररेषा वेगळ्या असतात. जलसंपदा विभागाची निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. त्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात. त्या मॉडेलमध्ये हव्या असतील तर सर्व्हेअरकडून तुमच्या उंबऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढून घ्या, सर्व्हे पॉइंटला (मॉडेलचा बाहेरच्या जगाशी जोडलेला बिंदू) तो आकडा द्या, आणि लेव्हलच्या टाईपमध्ये एलिव्हेशन बेस 'सर्व्हे पॉइंट' करा. घराची आतली ±० मात्र प्रोजेक्ट बेस पॉइंटवरच (घराचा स्वतःचा शून्यबिंदू) राहू द्या. गवंड्याला घराच्या उंबऱ्यापासूनचे आकडे हवेत, समुद्रापासूनचे नकोत.

नवं बांधकाम दोन रेषांच्या मध्ये असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर लागतं. निळ्या रेषेच्या आत तर नवं घर नाहीच. तुमचं जुनं घर आहे, दुरुस्ती आहे, तरी महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखवून विचारून घ्या.

आज मात्र तुमच्याकडे सगळ्यात खरा आकडा आहे तो तुमच्या भिंतीवरचा डाग. २०२१ च्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल तर तिथून नव्या फरशीपर्यंत मोजा. त्या रेघेचीच एक लेव्हल करा, 'पाणी २०२१'.

भराव_आणि_मुरूम

नमस्कार ताई. मी गवंडीकामाची कामं घेतो, राजारामपुरी, कळंबा, फुलेवाडी. कॉम्प्युटरचं मला काय कळत न्हाई, पण घर उचलायची कामं २०१९ पासनं लई केल्यात. दोन गोष्टी सांगतो, त्या तुमच्या मॉडेलात दिसायच्या न्हाईत.

पहिली. जुन्या जोत्यावर डीपीसी, म्हंजी ओल अडवायचा थर, असती. खालची ओल वर चढू नये म्हणून घातलेली. तुम्ही त्याच्या वर एक फूट भराव टाकला की ओल डीपीसीला वळसा घालून भरावातनं सरळ भिंतीत शिरती. दोन पावसाळ्यात भिंतीला मिठासारखं पांढरं फुटतंय आणि रंग पोपडं धरतोय. भिंतीचा आतला अंग भरावाच्या उंचीपर्यंत आणि वर अजून चार-सहा इंच वॉटरप्रूफ प्लास्टर करून घ्या, मग भरा. माती भरू नगासा. मुरूम असलाच तर थराथरानं ठोकून, पाणी बेतानं. घाईत भरलेला भराव पुढच्या वर्षी खचतो आणि फरशी पोकळ वाजती.

दुसरी. लेव्हल मारून घ्या, आमच्यासारख्यानं न्हाई, तुम्ही स्वतः उभं राहून. जुन्या घराची फरशी कधीच एका पातळीत नसती. तुम्ही कॉम्प्युटरात शून्य धरलंय ते कुठल्या खोलीतलं?

नकाशेवाली

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून रविवारी वडिलांना घेऊन बसले.

लेव्हल पाईप आणला, बादलीतून भरला. पहिल्या वेळेला आत बुडबुडा राहिला होता आणि दोन्ही टोकं शेजारी धरली तरी पाणी सारखं येईना. परत रिकामा करून भरला. वडील समोरच्या दाराच्या चौकटीला टोक धरून उभे, मी स्वयंपाकघरात. पाणी हलत होतं, हळूहळू थांबलं. आम्ही दोघांनी एकदमच पेन्सिलने खूण केली. उंबऱ्यापासून खुणेपर्यंत ९६८ मिमी. स्वयंपाकघरात फरशीपासून खुणेपर्यंत ९९६. म्हणजे स्वयंपाकघर २८ मिमी खाली आहे, आणि आम्ही तीस वर्षं तिथे राहतोय.

जिन्याच्या पायथ्याशी ९६९ आलं. तो उंबऱ्याशी जुळतो. म्हणून ±० उंबऱ्यालाच ठेवला, आणि तीच पेन्सिलीची रेघ प्रत्येक खोलीत फिरवून घेतली. आता भराव कुठे ३४० आणि कुठे ३६८ हे मॉडेलमध्ये खोलीगणिक वेगळं आहे. नवी फरशी मात्र सगळीकडे +३४०.

भिंतीवरच्या डागाची लेव्हलही केली. डाग उंबऱ्यावर २८४ ला आहे. अकरा इंच आम्ही अंदाजाने म्हणत होतो.

तीन_सूत

छान केलंत. आता दारं बघा. लिंटेलचा तळ २१३४. नवी फरशी ३४०. दाराची मोकळी उंची १७९४, म्हणजे पाच फूट साडेदहा इंच. घरात कुणी उंच आहे का?

नकाशेवाली

वडील पाच फूट नऊ. अनवाणी असताना डोक्यावर ४१ मिमी राहतात.

ओळंबा

म्हणजे दारांची लिंटेल वर घ्यावीच लागतील. जुन्या २१३४ मध्ये ३४० मिळवा, २४७४. वर स्लॅबपर्यंत ७२६ मिमी भिंत उरते, जागा आहे. पण या भिंती भार घेणाऱ्या आहेत. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. एका वेळी एकच दार, वर टेके लावून. मॉडेलमध्ये जुनं दार 'डिमॉलिश' आणि त्याच जागी नवं दार नव्या लेव्हलवर घ्या. जुनं दार उचलून नव्या लेव्हलवर टाकलंत तर जुनं भोक कुठे होतं हे फाईलमधून पुसलं जाईल आणि फोडकामाचं माप काढता येणार नाही.

खिडक्या तशाच राहू द्या. सिल नव्या फरशीपासून ५७४ वर येईल. बसून बाहेर बघायला बरं, पण ग्रिल भक्कम हवं. लहान मुलं त्या उंचीवर सहज चढतात. प्लॅनमध्ये खिडक्या विचित्र दिसल्या तर व्ह्यू रेंज (प्लॅनमध्ये किती उंचीपर्यंतचं दिसतं ते) बघा. कट प्लेन, म्हणजे प्लॅनसाठी घर जिथे आडवं कापलं जातं ती पातळी, लेव्हलपासून १२०० वर असतो. नव्या लेव्हलच्या प्लॅनमध्ये तो जुन्या फरशीपासून १५४० वर जातो. तुमच्या खिडक्या त्यात येतात, पण न्हाणीचा व्हेंटिलेटर असेल तर तोही तपासा.

भराव_आणि_मुरूम

संडासचं विसरू नगासा. भांडं वर येणार, मग पाईपचा उतार वाढतो, ते बरं. पण चेंबर रस्त्याच्या लेव्हलला हाय. पूर आला की पाणी पहिलं तिथनं उलटं येतंय, दारातनं नंतर. चेंबरच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका. फरशी दोन फूट उचलली आणि भांड्यातनं पाणी आलं, असं घर मी बघितलंय.

प्लगपॉइंट पण वर घ्या, आत्ताच, भिंत फोडलेली असतानाच.

नकाशेवाली

व्हॉल्व्ह आणि प्लगपॉइंट दोन्ही नोंदवले. प्लगपॉइंट 'पाणी २०२१' च्या लेव्हलपासून दोन फूट वर ठेवलेत.

शेवटचं राहिलं ते पुढचं दार. पोर्चची फरशी −१५०, नवी फरशी +३४०, म्हणजे ४९० चढायचे. १६३ च्या तीन पायऱ्या बसतात, पोर्चच्या आतच, रस्त्यावर यायला नको. आजीसाठी उतार करता येईल का म्हणून एकास बाराचा हिशेब केला. ५.८८ मीटर लांबी लागते. पोर्च अडीच मीटरचा. नाही बसत.

मग दोन्ही बाजूंना कठडा. आजीला जुन्या पायऱ्यांवर उभं केलं आणि हात कुठे सहज टेकतो ते मोजलं. ती म्हणाली, 'माझ्या मापाचं काय घेतीस, तुझ्या मापाचं घे, तुला इथं राहायचंय.' मी तिचंच घेतलं. ८१० मिमी, पायरीच्या कडेपासून. उजव्या बाजूचा कठडा पायऱ्या संपल्यावर आत एक फूट पुढे नेलाय, कारण ती वर पोचल्यावर तिथे थांबून श्वास घेते.

सोमवारी इंजिनिअर येणार आहेत लिंटेल बघायला. फाईल आणि प्रिंट दोन्ही तयार ठेवलंय.